दाभोळ खाडीचे दोन काठ आणि सुरतेचा मंडप

वेळणेश्वरला महाशिवरात्रीची जत्रा भरते. त्या दिवशी देवळाच्या आवारात उभे राहिले की कानावर आडनावेच जास्त पडतात. कोणी वेलणकर, कोणी गाडगीळ, कोणी गोखले. पुण्या-मुंबईत तीन-चार पिढ्या काढलेली माणसे नारळीच्या बागांतून वाट काढत कुलदैवताच्या पायरीशी येतात, अभिषेक सांगतात आणि समुद्राकडे तोंड करून घटकाभर बसतात. याच गुहागर तालुक्यात, वेळणेश्वराहून फार लांब नाही, कोतळूक आहे. ९ मे १८६६ रोजी गोपाळ कृष्ण गोखले तिथे जन्मले.

तालुक्याच्या उत्तरेला दाभोळची खाडी आहे. वाशिष्ठीचे पाणी तिथे समुद्राला मिळते. आज धोपाव्याहून फेरीबोटीने पलीकडे गेले की दापोली तालुका लागतो आणि त्या तालुक्यात चिखलगाव, म्हणजे टिळकांचे मूळ गाव. बाळ गंगाधर टिळकांचा जन्म २३ जुलै १८५६ चा, रत्नागिरी शहरातला. वडील गंगाधरपंत शाळाखात्यात होते. त्यांची बदली झाली आणि १८६६ साली, म्हणजे कोतळूकला गोखले जन्मले त्याच वर्षी, टिळकांचे बिऱ्हाड पुण्याला गेले.

एका जिल्ह्यातली, एका खाडीच्या दोन काठांकडची ही दोन घराणी. दोघेही चित्पावन, दोघांच्या घरची स्थिती बेताची, दोघेही गणितात रमणारे, दोघेही पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूल आणि फर्ग्युसन कॉलेजात शिकवलेले. त्यांतला धाकटा वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी, १९०५ साली, राष्ट्रीय सभेचा, म्हणजे काँग्रेसचा, अध्यक्ष झाला. थोरल्याचे नाव त्या खुर्चीसाठी पुन्हा पुन्हा पुढे आले आणि बराच काळ दर वेळी कोणीतरी वाट अडवली. एकदा तर ती वाट अडवण्यापायी अख्खा मंडप मोडला. सुरतेची ही हकिगत आपण शाळेत जोडा फेकल्याची गोष्ट म्हणून ऐकतो. मला ती अध्यक्ष कोणी निवडायचा, या एका प्रश्नाची गोष्ट वाटते.

राष्ट्रीय सभेचा अध्यक्ष तेव्हा निवडला जात असे तो कसा, हे आधी नीट पाहायला हवे. १८८५ साली मुंबईत पहिले अधिवेशन भरले तेव्हा ७२ प्रतिनिधी होते. सगळे एकमेकांना ओळखणारे वकील, संपादक, जमीनदार, व्यापारी. त्यांनी आपसांत बोलून व्योमेशचंद्र बॅनर्जींना अध्यक्ष केले आणि ते अगदी स्वाभाविक होते. पुढे दर नाताळात अधिवेशन एकेका शहरात भरू लागले. ज्या शहरात ते भरायचे तिथले स्वागत मंडळ अध्यक्षाचे नाव काढायचे, त्यामागे मुंबई-कलकत्त्याच्या वडीलधाऱ्यांचा शब्द असायचा. मंडपात एकाने नाव सुचवायचे, दुसऱ्याने अनुमोदन द्यायचे, टाळ्या पडायच्या, की अध्यक्ष स्थानापन्न. प्रतिनिधी हजारांवर गेले तरी ही रीत बदलली नाही. मंडपातला विधी निवडणुकीचा होता, निवड मात्र आधीच कोणाच्या तरी दिवाणखान्यात झालेली असे. मुंबई इलाख्यात तो दिवाणखाना सर फिरोजशहा मेहतांचा होता.

टिळक या दिवाणखान्यातले नव्हते. कायद्याची पदवी त्यांच्याकडे होती, विधिमंडळातही ते बसून आले होते, पण त्यांचे बळ वेगळ्या जागी होते. १८८१ च्या जानेवारीत ‘केसरी’ निघाला. १८९३ पासून गणेशोत्सव रस्त्यावर आला, १८९६ साली रायगडावर शिवाजी उत्सव झाला. १८९७ च्या प्लेगच्या साली राजद्रोहाच्या खटल्यात त्यांना दीड वर्षाची सजा झाली आणि त्या तुरुंगवासाने त्यांना जे दिले ते कोणत्याही समितीने दिले नसते. विरोधक त्यांना हिणवून ‘तेल्या-तांबोळ्यांचे पुढारी’ म्हणत. ही शिवी होती, पण तिच्यातच त्यांची सारी ताकद सांगितली गेली. ज्या माणसाला इंग्रजी वाचता येत नव्हते, ज्याने राष्ट्रीय सभेचा मंडप जन्मात पाहिला नव्हता, त्याने कोणाला आपला म्हटले असेल तर टिळकांना.

त्यांच्या लोकप्रियतेची दुसरी बाजूही लिहिली पाहिजे. १८९१ साली संमतिवयाचा कायदा आला, मुलीच्या संमतीचे वय दहावरून बारा करणारा. टिळकांनी त्याला विरोध केला. परक्या सरकारने आमच्या घरात हात घालू नये, हा त्यांचा मुद्दा होता. पण लहान मुलींच्या जिवाचा प्रश्न त्या मुद्द्याखाली दबला, हे समाजसुधारक आगरकरांनी तेव्हाच सांगितले होते आणि ते बरोबर होते. १८९५ साली पुण्यातच राष्ट्रीय सभा भरायची होती. तिच्या मंडपात न्यायमूर्ती रानड्यांची सामाजिक परिषद भरू द्यायची नाही म्हणून टिळकांच्या पक्षाने असा गिल्ला केला की रानड्यांनी परिषद दुसरीकडे हलवली. लोकांची बाजू घेणारा पुढारी लोकांच्या समजुतींचीही बाजू घेतो, आणि त्याची किंमत त्या समजुतींखाली भरडले जाणारे देतात. टिळकांवर प्रेम करणाऱ्यांनी हे झाकू नये.

गोखल्यांशी त्यांचे बिनसले ते याच वर्षांत. फर्ग्युसन चालवणाऱ्या डेक्कन एज्युकेशन सोसायटीत असताना गोखल्यांनी पुण्याच्या सार्वजनिक सभेच्या चिटणिसाचे काम पत्करले. आजीव सदस्याने बाहेरची कामे घेऊ नयेत, असे टिळकांचे म्हणणे. मतभेद आधीचेच होते, हे शेवटचे निमित्त ठरले आणि १८९० साली टिळक सोसायटीतून बाहेर पडले. पाच वर्षांनी टिळकांच्या बाजूने सार्वजनिक सभेची कार्यकारिणीच जिंकून घेतली. रानडे आणि गोखल्यांनी मग १८९६ साली डेक्कन सभा वेगळी काढली. सुरतेत जे देशाच्या पातळीवर घडले त्याची ही पुण्यातली रंगीत तालीम. फरक एवढाच, की पुण्यात टिळकांना मते मिळवायला सभासदांची यादी होती. राष्ट्रीय सभेत अशी यादीच नव्हती.

१६ ऑक्टोबर १९०५ रोजी बंगालची फाळणी अमलात आली आणि सगळे चित्र पालटले. बंगाल पेटला. स्वदेशी, बहिष्कार हे शब्द गावोगाव गेले. लाल-बाल-पाल हे त्रिकूट झाले ते या काळात. १९०६ च्या जूनमध्ये टिळक शिवाजी उत्सवासाठी कलकत्त्याला गेले, बरोबर दादासाहेब खापर्डे आणि डॉ. मुंजे. कलकत्त्याच्या रस्त्यांवर त्यांच्यासाठी जी गर्दी लोटली तशी परप्रांतातल्या पुढाऱ्यासाठी आधी क्वचितच लोटली असेल. त्या वर्षीचे अधिवेशन कलकत्त्यालाच होते. बिपिनचंद्र पाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उघड म्हटले, अध्यक्ष टिळक.

मेहता-गोखल्यांच्या मवाळ पक्षाला हे नाव मान्य होण्यासारखे नव्हते. पण ते नाकारायचे कसे? गर्दी टिळकांच्या बाजूची आणि शहर बंगालचे. तेव्हा ज्याच्यापुढे टिळकही मान झुकवतील असा एकच माणूस त्यांनी शोधला. लंडनला तार गेली आणि एक्याऐंशी वर्षांचे दादाभाई नौरोजी बोटीत बसले. दादाभाई याआधी १८८६ आणि १८९३ असे दोनदा अध्यक्ष झालेले. त्यांच्याविरुद्ध उभे राहण्याचा विचारही टिळकांच्या मनात येणे शक्य नव्हते. ते शांतपणे मागे सरले.

पण मागे सरताना त्यांनी मोबदला घेतला. दादाभाईंच्या तोंडून अध्यक्षपदावरून ‘स्वराज्य’ हा शब्द निघाला आणि स्वराज्य, स्वदेशी, बहिष्कार, राष्ट्रीय शिक्षण असे चारही ठराव कलकत्त्यात मंजूर झाले. मराठीत आपण ज्याला चतुःसूत्री म्हणतो ती हीच. खुर्ची मवाळांकडे राहिली, कार्यक्रम टिळकांच्या जहाल पक्षाचा झाला. अधिवेशन संपल्यावर २ जानेवारी १९०७ रोजी टिळकांनी कलकत्त्यातच नव्या पक्षावर भाषण केले. आजचे जहाल उद्याचे मवाळ ठरतील, जसे आजचे मवाळ काल जहाल होते, असे त्यात त्यांनी सांगितले. हा माणूस आपल्या पक्षाला काळाच्या ओघात ठेवून पाहत होता. त्याला एकट्याला मोठे व्हायचे असते तर हे वाक्य सुचले नसते.

कलकत्त्याने अध्यक्ष निवडीचा एक नियमही घालून दिला. स्वागत मंडळाने तीन-चतुर्थांश बहुमताने अध्यक्षाचे नाव ठरवावे, ते न जमल्यास मध्यवर्ती समितीने ठरवावे. वाचायला नियम रास्त आहे. पण नीट पाहा: ज्याच्या बाजूने साधे बहुमत आहे त्याला एक-चतुर्थांश लोक अडवू शकतात, आणि एकदा अडवले की निर्णय आपोआप वरच्या मंडळींच्या हाती जातो. नियम करणाऱ्यांचा हेतू काय होता यावर मी बोलणार नाही. परिणाम काय झाला ते पुढच्याच वर्षी दिसले.

१९०७ चे अधिवेशन नागपूरला ठरले होते. वऱ्हाड-नागपुरात टिळकांचे बळ मोठे. अमरावतीला खापर्डे, नागपुरात मुंजे. समोर सर गंगाधरराव चिटणवीस आणि अमरावतीचे रघुनाथराव मुधोळकर, तेही वजनदार. दोन्ही बाजू वर्गणी भरून स्वागत मंडळात आपापली माणसे घालू लागल्या. तीन-चतुर्थांश कोणालाच जमेना. सप्टेंबरात तर सभा उधळल्या गेल्या, दंगा झाला. नोव्हेंबरात मुंबईत फिरोजशहांच्या बंगल्यावर समितीची बैठक झाली आणि अधिवेशन नागपूरहून उचलून सुरतेला नेण्याचे ठरले. सुरत म्हणजे फिरोजशहांचा मुलूख. सुरतेच्या स्वागत मंडळाने डॉ. रासबिहारी घोष यांचे नाव काढले. कलकत्त्याचे नामांकित कायदेपंडित, पण चळवळीतल्या साध्या कार्यकर्त्याला अनोळखी.

एवढ्यात आणखी एक घटना घडली. मे महिन्यात सरकारने लाला लजपतरायांना चौकशीविना उचलून मंडालेला नेले होते, ते नोव्हेंबरात सुटले. टिळकांनी आपले नाव मागे घेतले आणि लालाजींना अध्यक्ष करा असे सुचवले. हद्दपारी भोगून आलेल्या माणसाला देशाने दिलेला हा मान ठरला असता आणि मवाळांचीही त्यात फार मोठी हार नव्हती, कारण लालाजी गोखल्यांचेही स्नेही. पण गोखल्यांना भीती वाटली. विलायतेत मोर्ले भारतमंत्री, सुधारणांचे बोलणे चाललेले. अशा वेळी मंडालेहून आलेला माणूस अध्यक्ष केला तर सरकार त्याला आव्हान समजेल आणि चिरडून टाकेल, असा त्यांचा हिशेब. हा हिशेब भित्र्या माणसाचा नव्हता. गोखल्यांनी आपले सारे आयुष्य त्या एका वाटेवर घातले होते. तरी तो चुकला असे मला वाटते. मोर्लेंच्या सुधारणा १९०९ साली आल्या आणि त्यांच्यासाठी गोखल्यांनी जे गमावले त्याच्या मानाने त्या फारच तुटपुंज्या होत्या. लालाजींनी स्वतः वाद नको म्हणून नाव घालू दिले नाही.

टिळक सुरतेला पोचले ते २३ डिसेंबरला. जहालांचा तळ वेगळा पडला. २४ ला त्यांची परिषद झाली, अध्यक्ष अरविंद घोष. त्यांची मागणी एका ओळीत सांगता येते: कलकत्त्याच्या चार ठरावांवरून मागे सरकू नका, तसे आश्वासन मिळाले तर अध्यक्षाच्या नावावर आम्ही भांडणार नाही. ठरावांचे मसुदे मागितले तर ते हाती पडेनात. मवाळ म्हणत, सुरतेला तयारीला वेळच मिळाला नाही, छपाई झालेली नाही. जहालांना वाटले, ठराव पातळ केले आहेत म्हणून लपवतात. एकदा विश्वास गेला की उशिरा छापलेला कागदही कटाचा पुरावा वाटू लागतो.

२६ डिसेंबर १९०७. तापीकाठच्या फ्रेंच गार्डनमध्ये मंडप. सोळाशेहून अधिक प्रतिनिधी, भोवती हजारोंनी प्रेक्षक. स्वागताध्यक्ष त्रिभुवनदास मालवी यांचे भाषण झाले. दिवाणबहादूर अंबालाल देसाई यांनी रासबिहारींचे नाव सुचवले. अनुमोदनाला सुरेंद्रनाथ बॅनर्जी उठले. बंगालचे सुरेंद्रनाथ, ज्यांच्या आवाजाने दहा हजारांची सभा स्तब्ध व्हायची. त्या दिवशी त्यांना एक वाक्य पुरे करता येईना. ‘नागपूर आठवा’, ‘मिदनापूर आठवा’ असे ओरडे उठले; मिदनापूरच्या परिषदेतही दोन्ही पक्षांत फूट पडली होती. सभा तहकूब झाली.

२७ ला दुपारी पुन्हा बसले. त्याआधी रासबिहारींचे अध्यक्षीय भाषण कलकत्त्याच्या पत्रांत छापून आल्याच्या तारा सुरतेत येऊन थडकल्या होत्या. जहालांवर त्यात टीका होती. अध्यक्ष अजून निवडला जायचा आहे आणि त्याचे भाषण आधीच छापले गेले आहे, याचा अर्थ मंडपातल्या प्रत्येकाला कळत होता.

टिळकांनी एक चिठ्ठी लिहून मालवींकडे पाठवली. अध्यक्षाच्या नावाला अनुमोदन मिळाल्यावर मला प्रतिनिधींपुढे बोलायचे आहे, सभा तहकूब करण्याची आणि त्याबरोबर तडजोडीची सूचना मांडायची आहे, माझे नाव पुकारावे. एवढाच मजकूर. चिठ्ठीला उत्तर आले नाही. त्यांनी आठवण दिली, तरीही नाही. सुरेंद्रनाथांचे अनुमोदन पुरे झाले, मोतीलाल नेहरूंनी पाठिंबा दिला, मालवींनी ठराव मंजूर झाल्याचे सांगितले आणि रासबिहारी खुर्चीकडे गेले.

टिळक उठले, व्यासपीठाच्या पायऱ्या चढले. स्वयंसेवकांनी अडवले, ते बाजूला सारून वर गेले आणि अध्यक्षांच्या पुढ्यात प्रतिनिधींकडे तोंड करून उभे राहिले. मालवी म्हणाले, तुम्हांला बोलता येणार नाही. रासबिहारी म्हणाले, तुमची सूचना नियमबाह्य आहे. टिळकांचे म्हणणे असे की तुमची निवड अजून झालेलीच नाही, तेव्हा नियमबाह्य ठरवणारे तुम्ही कोण. मी प्रतिनिधींकडे दाद मागतो. दोन्ही हातांची घडी छातीशी घालून ते तसेच उभे. उचलून न्याल तरच इथून हलेन, असा त्यांचा पवित्रा. भोवताली तरुण मवाळ मुठी वळून धावून आले. हेन्री नेव्हिन्सन नावाचा इंग्रज बातमीदार तिथे हजर होता आणि पुढचे त्याने डोळ्यांनी पाहून लिहून ठेवले आहे. टिळकांच्या अंगावर लोक धावले तेव्हा त्यांच्या शेजारी एक माणूस दोन्ही हात पसरून उभा राहिला, त्यांना वाचवायला. ते गोपाळराव गोखले होते.

हे चित्र मला सुरतेच्या साऱ्या हकिगतीत सर्वांत मोलाचे वाटते. सतरा वर्षे एकमेकांविरुद्ध लिहिलेले, संस्था तोडलेल्या, बोचरे अग्रलेख सोसलेले. टिळकांचे अध्यक्षपद टाळण्यात ज्यांचा वाटा होता तेच गोखले. आणि धक्काबुक्कीच्या क्षणी त्यांचे हात आपसूक पसरले ते त्या जुन्या प्रतिस्पर्ध्यापुढे.

तेवढ्यात हवेतून काहीतरी आले. लालसर कातड्याचा, पुढून टोकदार, तळाला शिसे ठोकलेला मराठी पद्धतीचा जोडा. तो सुरेंद्रनाथांच्या गालाला लागून फिरोजशहांवर आदळला. मग खुर्च्या उडाल्या, काठ्या चालल्या, पागोटी पडली. शेवटी पोलीस आत शिरले आणि त्यांनी मंडप रिकामा केला. राष्ट्रीय सभेचा मंडप सरकारी पोलिसांनी रिकामा करावा, याहून मोठी नामुष्की दोन्ही पक्षांना नव्हती.

जोडा कोणी फेकला यावर मराठीत पुष्कळ लिहिले गेले. माझ्या मते तो शोध निरर्थक आहे. एका माणसाला पाच मिनिटे बोलू दिले असते तर कदाचित जोडा कोणाच्या हाती आला नसता. टिळक त्या वेळी प्रतिनिधी होते, त्यांनी रीतसर चिठ्ठी दिली होती आणि प्रतिनिधीला आपल्या अध्यक्षाच्या निवडीवर बोलता येत नसेल तर त्या निवडीला निवड म्हणू नये. मतदान घेतले असते तर टिळकांची बाजू सुरतेत बहुधा हरली असती, कारण मंडपात मवाळ जास्त होते. हरलेला टिळक सभेतच राहिला असता. बोलू न दिलेला टिळक बाहेर गेला आणि अर्धा देश त्याच्याबरोबर गेला.

टिळकांचा दोष यात होता का? होता. महिनोन् महिने ओरडणाऱ्या गर्दीचे बळ वापरायचे आणि ऐन वेळी तिला गप्प बसवता येऊ नये, हा पुढाऱ्याचा दोषच. सुरेंद्रनाथांना बोलू दिले नाही ते टिळकांच्याच बाजूच्यांनी, आणि २७ ला टिळकांना बोलू दिले नाही त्याचे बीज २६ च्या त्या गोंधळात होते.

याच्या अकरा वर्षे आधी साता समुद्रापलीकडे काय घडले ते पाहावे. १८९६ साली अमेरिकेच्या डेमोक्रॅटिक पक्षाचे अधिवेशन शिकागोला भरले होते. विल्यम जेनिंग्ज ब्रायन हा छत्तीस वर्षांचा वक्ता कर्जाखाली पिचलेल्या शेतकऱ्यांची बाजू घेऊन उभा राहिला. पक्षातल्या बड्या धेंडांना तो नको होता. पण तिथे प्रतिनिधींची मते मोजली जात आणि पाचव्या फेरीत ब्रायन पक्षाचा राष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार झाला. तो निवडणूक हरला, पक्ष मात्र कोसळला नाही. सुरतेत मोजायला मतेच नव्हती. मोजणी नसली की माणसे आवाजाने मोजू पाहतात, आवाज थांबवला की हाताने.

२८ ला मवाळांनी स्वतंत्र परिषद भरवली. तिथे प्रवेशासाठी ध्येयपत्रिकेवर सही करायची. टिळकांनी मध्यस्थांच्या हाती लिहून पाठवले, की रासबिहारींच्या निवडीला असलेला विरोध मी सोडतो, झाले गेले विसरू, कलकत्त्याचे ठराव तेवढे राखा. फिरोजशहांनी ते धुडकावले. दार लागले.

सहा महिन्यांनी, २४ जून १९०८ रोजी, टिळकांना मुंबईत अटक झाली. २२ जुलैला सहा वर्षे काळ्या पाण्याची शिक्षा. मुंबईच्या गिरण्या बंद पडल्या आणि सहा दिवस बंद राहिल्या, शिक्षेच्या वर्षागणिक एक दिवस. ज्या माणसाला सुरतेच्या मंडपात पाच मिनिटे मिळाली नाहीत त्याच्यासाठी गिरणगावातल्या कामगाराने सहा दिवसांची मजुरी सोडली, गोळीबार सोसला. त्या कामगारांतला किती मोठा वाटा आमच्या रत्नागिरी जिल्ह्यातला होता ते कोकणातल्या कोणत्याही घराला विचारावे. राष्ट्रीय सभेच्या प्रतिनिधींच्या यादीत त्यांच्यापैकी कोणीही नव्हता.

टिळक मंडालेला, आणि उरलेली राष्ट्रीय सभा वर्षागणिक आकसत गेली. गोखल्यांनी त्या एकाकी वर्षांत जे केले त्याला मी फार मानतो. १९११ साली त्यांनी सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले, पुढच्या वर्षी ते ३८ विरुद्ध १३ मतांनी फेटाळले गेले. हे विधेयक खऱ्या अर्थाने तेल्या-तांबोळ्यांच्या मुलांसाठी होते. त्यामागे रस्त्यावरची गर्दी उभी नव्हती. सुरतेत काय फुटले ते इथे कळते: एकाकडे लोक राहिले, दुसऱ्याकडे त्या लोकांच्या मुलांसाठीचा कायदा.

१९१४ च्या जूनमध्ये टिळक सुटले. दोन्ही पक्ष जोडण्याची खटपट ॲनी बेझंट यांनी केली, ती त्या वर्षी फसली. १९ फेब्रुवारी १९१५ रोजी गोखले पुण्यात वारले, वय अवघे अठ्ठेचाळीस. टिळक सिंहगडावर होते. बातमी कळताच ते खाली उतरले, स्मशानात गेले आणि चितेपुढे बोलले. हिंदुस्थानचा हिरा, महाराष्ट्राचे रत्न, असे त्यांनी गोखल्यांना म्हटले आणि जमलेल्यांना सांगितले की या माणसाचे जिणे पुढे ठेवून वागा. फिरोजशहा त्याच वर्षी नोव्हेंबरात गेले. डिसेंबरात मुंबईच्या अधिवेशनाने प्रतिनिधींच्या प्रवेशाचा नियम बदलला आणि १९१६ साली लखनौला टिळक नऊ वर्षांनी राष्ट्रीय सभेत परतले. लोकांनी त्यांना खांद्यावर घेतले.

आणि मग खुर्ची आली. १९१८ च्या दिल्ली अधिवेशनासाठी टिळकांची अध्यक्ष म्हणून निवड झाली. या वेळी कोणी तार करून कोणाला बोलावले नाही, कोणी अधिवेशन दुसऱ्या गावी हलवले नाही. पण त्याच साली त्यांना चिरोल या इंग्रज पत्रकारावरच्या बेअब्रूच्या खटल्यासाठी विलायतेला जावे लागले. अध्यक्षपद त्यांनी सोडले, दिल्लीत मदनमोहन मालवीय बसले. खटलाही ते पुढे हरले. १९१९ च्या अखेरीस ते परतले तेव्हा अमृतसरच्या अधिवेशनात अध्यक्षस्थानी मोतीलाल नेहरू होते, सुरतेत रासबिहारींना पाठिंबा देणारे. १ ऑगस्ट १९२० रोजी मुंबईत सरदारगृहात टिळक वारले. पुढच्याच महिन्यात कलकत्त्याला खास अधिवेशन भरले, त्याचे अध्यक्ष लाला लजपतराय. टिळकांनी तेरा वर्षांपूर्वी सुचवलेले नाव.

त्याच डिसेंबरात राष्ट्रीय सभा अखेर नागपूरला भरली. १९०७ साली जिथून उचलून नेली त्याच नागपूरला. तिथे नवी घटना मंजूर झाली. चार आणे भरणारा कोणीही सभासद होऊ शकेल, सभासदांतून गावपातळीपासून समित्या निवडल्या जातील, प्रांत भाषेप्रमाणे होतील. अध्यक्ष कोणी निवडायचा या प्रश्नाला सुरतेनंतर तेरा वर्षांनी दिलेले ते उत्तर होते. ज्याच्यासाठी तो प्रश्न पेटला तो माणूस ते ऐकायला उरला नव्हता.

वेळणेश्वरला आलात तर परतताना कोतळूकला थांबा. मग धोपाव्याला फेरीबोट धरा, खाडी ओलांडा आणि दापोलीकडून चिखलगावलाही जा. एका दिवसात दोन्ही होते. राष्ट्रीय सभेच्या अध्यक्षांच्या यादीत १९०५ पुढे गोपाळ कृष्ण गोखले हे नाव आहे. बाळ गंगाधर टिळक हे नाव त्या यादीत कुठेही नाही.